उभ्या धानातली वाट

कार्तिक लागला की गोंदियाच्या हवेत एक वास उतरतो. कोरडा, गोडसर, जरासा धुळकट. गिरण्यांमधल्या उकडलेल्या धानाचा वास वेगळा, तो आम्हाला बारमाही असतो आणि नाकाला त्याची सवय होऊन जाते. हा पिकलेल्या धानाचा वास वर्षातून एकदाच येतो, थोडेच दिवस राहतो, आणि मी सकाळी खिडकी उघडते तेव्हा माझी परवानगी न घेता सरळ घरात शिरतो. मग त्या दिवशी माझं कामात काही लक्ष लागत नाही.

इथे गोंदियात माझा लहानसा कॉम्प्युटर क्लास आहे. यंदा ऐन त्या वासाच्या दिवसांत कुठलातरी नवा खेळ बाजारात आला, आणि माझी पोरं-पोरी येडी झाली. तलवारी, राक्षस, उडते डोंगर, बोलणारी झाडं, असं सगळं त्यात आहे. टायपिंगचा सराव बाजूला पडला आणि ज्यानं तो खेळ आधी पाहिला तो बाकीच्यांना वर्णनं करून सांगू लागला. "भाई, आसमान देख के दिमाग खराब हो गया," असं एक जण म्हणाला, आणि खरोखरच डोकं बिघडल्यासारखा तो पुढचा तासभर गप्प बसून होता. एका मुलीला त्यातल्या पाण्याचं कौतुक. दुसरीला घोड्याच्या आयाळीचं. "मॅडम, एक बार देखो तो," म्हणून त्यांनी मला ओढून बसवलं.

मी बघितलं. घोड्यावरचा वीर टेकडी उतरून पिवळ्या पिकात शिरला आणि वाऱ्यासारखा निघाला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, बाजूने घे ना."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. क्या हुआ मॅडम, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. पण काही नाही असं नव्हतं, आणि दोन वाक्यांत सांगून संपेल असंही नव्हतं.

आमचं गाव तिरोड्याहून बोदलकसाच्या तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर. आम्ही पोवार. आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून आले म्हणतात, असतील आले. मला विचाराल तर आम्ही सगळे धानातूनच आलो. मला चालायला कोणी शिकवलं ते आठवत नाही, पण कुठून चालायचं ते ठाऊक आहे. धुऱ्यावरून. बांधी म्हणजे धानाचा वाफा, आणि दोन बांध्यांच्या मधला मातीचा तो अरुंद बांध म्हणजे धुरा, आणि शेतात माणसानं त्याच्यावरूनच जायचं असतं. उभ्या पिकात पाय घालायचा नाही. हे आम्हाला कोणी दटावून शिकवलं नव्हतं. डोळे मिटून चिखलातून चालायला लावलं तरी आमचे पाय धुरा शोधून काढतील.

आणि नेमके त्याच धुऱ्यावरून बाबूजी, माझे वडील, घसरले. दोन हजार सहा-सात साल असेल. भादव्यात बांधीचं पाणी बघायला गेले होते. रोज जात तसेच. तो धुरा त्यांनीच घातलेला, दरवर्षी त्यांनीच लिंपलेला. मांडीचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं की हाड बरं जुळतंय, आता वॉकर धरून रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग खाटेवरच दिवस काढावे लागतील.

बाबूजी चालले नाहीत. दुखतंय असं म्हणाले असते तर काही उपाय तरी केला असता. ते काहीच म्हणायचे नाहीत. माझा भाऊ मुकेश रोज सकाळी वॉकर आणून खाटेजवळ ठेवायचा आणि बाबूजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदाच, मायनं फार मनधरणी केली तेव्हा, म्हणाले, "तो पाय आता माहा नाही." एवढं बोलून पुन्हा भिंतीकडे वळले. मोठ्या आवाजाचा माणूस हा. शेताच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या बायांशी गप्पा मारणारा. त्या आवाजाची घरात इतकी सवय होती की तो नसल्यावर आम्ही सगळेच हळू बोलायला लागलो.

आणि बाहेर धान पिकत होता. त्याला कोणाच्या मांडीशी काय घेणं.

आमच्या घरची एक रीत आहे. शेताच्या मधोमध जी बांधी आहे, तिच्यातली पहिली मूठ घरच्या कर्त्यानं स्वतः जाऊन कापायची, घरधनिणीच्या पदरात टाकायची, आणि मगच बाकीच्यांनी विळा लावायचा. ती मूठ घरी आणून दारावर बांधतात. त्याआधी एक काडीसुद्धा कापत नाहीत. काकाजी म्हणाले, वहिनी, यंदा मी कापतो पहिली मूठ, दादाच्या वतीनं. माय ऐकायला तयार नव्हती. "ते आहेत तवरी दुसऱ्याचा इळा त्या बांधीले लागत नाही," एवढंच बोलायची. काकाजी चिडायचे, मुकेश हात जोडायचा. कापणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या शेतांवर निघून गेल्या. सगळ्या शिवारात कापलेल्या धानाच्या कडपा पडायला लागल्या, पुंजणे रचले जाऊ लागले, आणि आमचं तेवढं शेत उभं. जास्त पिकलेला धान वाट बघत नाही, त्याचे दाणे झडतात. माय हे आमच्यापेक्षा चांगलं जाणत होती. मला तेव्हा तिचा राग यायचा. तिनं सगळं पीक त्या एका मुठीवर लावलंय, हे मला दिसत होतं. त्या मुठीवर तिनं बाबूजींनाही लावलंय, हे कळायला वेळ लागला.

मी तेव्हा तिरोड्याच्या एका क्लासमध्ये शिकवायची. घरी सरावासाठी कॉम्प्युटर आणला होता आणि तो बाहेरच्या छपरीत ठेवला होता, कारण धड चालणारा प्लग तिथेच होता. बाबूजींची खाटही छपरीतच. म्हणजे आमची नवी दुनिया आणि त्यांची पाठ, दोन्ही एकाच खोलीत.

त्या छपरीत एक खेळ आला. माझा नागपूरचा मामेभाऊ रोशन दसऱ्याला आला तेव्हा सीडी देऊन गेला. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं; आम्ही त्याला 'डोंगरवाला' म्हणायचो. भारनियमनाचे दिवस होते. लाईन सकाळी जायची ती दुपारी यायची. मी आणि सुरेखा क्लासवरून परत येईपर्यंत ती आलेली असायची. सुरेखा मडावी माझ्यासोबत शिकवायची, सालेकसाकडची, गोंड. तिरोड्यात खोली करून राहायची आणि जेवायला बहुतेक वेळा आमच्याकडेच असायची. मुकेश शेतातून यायचा, हात धुवायचा आणि माउस धरायचा.

पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. पडदा काळा झाला. मग आभाळ आलं. नुसतं आभाळ, आणि त्यात ढग सरकत होते. आम्हाला वाटलं हे चित्र आहे, आता खेळ सुरू होईल. मग ते आभाळ हळूच खाली आलं आणि कळलं की कोणीतरी टेकडीवरच्या गवतात उताणं झोपलंय आणि हे आभाळ त्याला दिसतंय. तो उठून बसला. समोर दरी. दरीत पिवळंधम्म पीक, बांधच बांध, मध्ये चमकणारा ओढा, आणि फार लांब, धुक्यात, एक निळा डोंगर. डोंगराच्या पोटात एक दिवा जळत होता.

याआधी आम्ही कॉम्प्युटरवर गाड्या पळवल्या होत्या, गोळ्या झाडल्या होत्या. त्या सगळ्या खेळांत पडद्याची कड आली की दुनिया संपायची. इथे कड नव्हती. मुकेशनं माउस डावीकडे नेला तर डावीकडे टेकड्या होत्या, मागे नेला तर मागे जंगल होतं, आणि त्या जंगलात पाखरं बोलत होती.

सुरेखानं अगदी हळू विचारलं, "तिथवर जाता येते का?"

तिनं त्या निळ्या डोंगराकडे बोट दाखवलं होतं. मुकेश म्हणाला, येत असेल. आणि येत असेल या कल्पनेनंच माझ्या अंगावर काटा आला. आजही नव्या खेळांची चित्रं बघते तेव्हा मी तोच काटा शोधत असते. तो काही येत नाही. पोरांच्या अंगावर येतो, हे बघून मात्र बरं वाटतं.

बातमी गावात फिरली. पुढच्या आठवड्यात आमच्या छपरीत बरेच जण येऊन गेले. शेजारचे आबाजी बराच वेळ बघत बसले आणि शेवटी त्यांनी विचारलं की ही एवढी जमीन कोणाची. कोणाची नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. एवढी पिकाऊ जमीन आणि मालक नाही, असं कुठे असतं का. मायला प्रश्न पडला की हा पोरगा दिवसभर हिंडतो तर जेवतो कधी. मला भुरळ पडली ती पाण्याची. त्याच्यात ढग दिसायचे, आणि हा गडी काठावर उभा राहिला की तोही दिसायचा, जरासा हलत. बोदलकसाच्या पाळीवर संध्याकाळी उभं राहिलं की दिसतं तसं. कोणीतरी परक्या देशात बसून हे केलंय आणि त्याला पाणी कसं हलतं ते माहीत आहे, याचं मला इतकं नवल वाटे की मी मुकेशला पुढे जाऊ द्यायचे नाही.

तसाही तो पुढे जाऊ शकत नव्हता. आम्ही अडकलो होतो. डोंगर समोर दिसायचा, पण वाट सापडायची नाही. पिकातल्या बांधावरून जावं तर तो बांध वळून वळून ओढ्याशी संपायचा. दुसरा धरावा तर तो फिरून टेकडीशीच आणायचा. आम्ही एकेक बांध धुंडाळला. गावातल्या चार शहाण्या माणसांनी माउस धरून पाहिला, आणि सगळे त्याच बांधांवरून त्याच ओढ्याशी जाऊन उभे राहिले. मग आम्ही ठरवलं की हा खेळ हिंडण्याचाच आहे, याला शेवट नाही. फोनवर मी रोशनला तसं सांगितलंही. तो हसला. काय करता तुम्ही दिवसभर, म्हणाला. मी म्हटलं, बघतो.

बाबूजी मात्र बघत नव्हते. इतकी माणसं येत-जात, इतकी बोलत, आणि त्यांची पाठ तशीच. कधी कधी माय ताट घेऊन खाटेजवळ उभी असायची, इकडे पडद्यावर सूर्य मावळून सगळी दरी तांबडी झालेली असायची, आणि मला दोन्हीकडे बघवायचं नाही.

दिवाळी झाली. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा बाजार आणि गोडधोड. आमच्या मंडईला रोशन आला. शेतात धान अजून उभाच होता, आणि पाहुण्यांपैकी प्रत्येक जण ते बघून गप्प बसत होता. रोशनला त्यातलं काही कळलं नाही. तो नागपुरात वाढलेला, स्वभावानं चांगला, आणि हाताचा फार वेगवान. जेवण झाल्यावर त्यानं हात पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाला, दाखवा कुठे अडकलात.

मुकेशनं टेकडीवरून डोंगर दाखवला. रोशननं माउस हातात घेतला आणि त्या वीराला टेकडी उतरवून सरळ पिकात घातलं.

छपरीत बसलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी कसलातरी आवाज निघाला. आबाजी तर खाली बसलेले उठून उभे राहिले. मी त्याचा हात धरायला पुढे झाले, पण त्याआधी मागून आवाज आला. आम्ही जवळजवळ विसरलो होतो तो आवाज, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा.

"ए रोशन. धुरा दिसत नाही का तुले? उभ्या धानातून काऊन जाऊन राहिला?"

रोशन दचकला. त्याचा हात थांबला, पडद्यावरचा गडीही थांबला. "फुफाजी, खेळ आहे हा," तो चाचरत म्हणाला.

"खेळ असंल. धान तं धान हाय ना."

बाबूजी कोपरावर उठून बसले होते. रोशननं घाबरून, आता करायचं काय म्हणून, नुसता माउस मागे फिरवला, आणि आम्हाला तो गडी ज्या वाटेनं आला ती वाट दिसली. पिकात आडवी पडलेली सरळ रेघ. आणि आम्ही बघत असतानाच तिच्यातली टेकडीकडची ताटं उठायला लागली. आधी एक ओंबी हलली. मग बाजूची. एकामागून एक ती सगळी सावकाश उभी राहिली, थोडी डोलली, आणि स्थिर झाली. रेघ मिटून गेली. तिथून कोणी गेलं होतं हे सांगून खरं वाटलं नसतं.

एवढे दिवस आम्ही त्या खेळात काय काय पाहिलं होतं. आभाळ, पाणी, धुकं. पण हे त्या सगळ्याहून वेगळं होतं. आम्ही सगळे धानाची माणसं. वाऱ्यानं आडवा झालेला, ऐन कार्तिकातल्या अवकाळी पावसानं लोळवलेला, रानडुकरांनी तुडवलेला धान आम्ही जन्मभर पाहिलेला. तो चिखलात पडून कोंब फुटलेला पाहिलेला. पडलेला धान उठताना बघायची मात्र आमची पहिलीच वेळ. राक्षस आणि उडते डोंगर नंतर पुष्कळ पाहिले, पण जादू म्हटलं की मला हेच आठवतं.

"उठला का तो?" बाबूजींनी विचारलं.

"उठला जी," मुकेश म्हणाला.

"अजून एक डाव चाल."

मुकेशनं रोशनकडून माउस घेतला. तो गडी पिकात पुन्हा चालला, पुन्हा रेघ पडली, पुन्हा उठली. अजून एक डाव, बाबूजी म्हणाले. त्यांना पडदा नीट दिसेना म्हणून ते पुढे सरकले. मग आणखी पुढे. सगळ्यांचे डोळे पडद्याकडे होते. माझी नजर योगायोगानं मायकडे गेली. ती दारात सूप घेऊन उभी होती आणि पडद्याकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. बाबूजींचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

ती सूप घेऊन आत गेली, आणि पाखडण्याचा आवाज काही केल्या सुरू होईना.

मग बाबूजी बोलले ते कोणाला उद्देशून, कळलं नाही. "ज्यानं हे बनवलं, त्यानं पडलेला धान पाह्यला असंल. नाही तं येवढी मेहनत कोन कायले करंल."

मी कॉम्प्युटर शिकवते. एवढंसं गवत हलवायचं तर त्यामागे किती काम असतं, ते मला ठाऊक आहे. आम्हाला ते पीक धानासारखं दिसलं, रोशनच्या मते तो गहू होता, आणि बनवणाऱ्यानं बहुधा दोन्ही न बघता टेबलावर बसून ते केलं असेल. पण नवा खेळ आला आणि पोरं त्यातल्या आभाळाचं कौतुक करायला लागली की मला बाबूजींचं ते वाक्य आठवतं आणि त्या कधी न भेटलेल्या माणसाबद्दल माया वाटते. बाबूजी आता नाहीत. त्यांची आठवण येते तेव्हा फार येते, आणि या वासाच्या दिवसांत रोज येते.

त्या पिकाच्या पलीकडे डोंगराची वाट होती. सरळ, समोर, पहिल्या दिवसापासून. आम्ही इतके दिवस बांध धुंडाळत होतो आणि वाट पिकातून होती. रोशन पोट धरून हसला, आणि आम्हीही हसलो, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगरापाशी पोचलो. दिवा जळत होता ती गुहा निघाली. गडी आत शिरला तसा पावलांचा आवाज बदलला, घुमायला लागला. आत प्रचंड काळोख, आणि वर छताला एक मोठं भोक, त्यातून उन्हाचा झोत थेट खाली आलेला. आम्ही ज्याला दिवा समजत होतो ते ऊन होतं. मी वळून सुरेखाकडे बघितलं. तिनं टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या आणि अनवाणी पाय जमिनीला टेकवून बसली होती. तिच्या गावाकडे कचारगड आहे. तिथल्या गुहेतही असंच वरून ऊन उतरतं, आणि लहानपणापासून ती तिथे दर्शनाला जाते. तिला विचारलं तर म्हणाली, माहीत नाही, काढल्या गेल्या. मी हसले नाही. काल आबाजी पिकासाठी उठून उभे राहिले होते, तशीच ही.

गुहेत आणखी आत जाणार तेवढ्यात लाईन गेली. पडदा मिटला, पंखा थांबला. दुपारच्या उजेडात सगळी तशीच बसून राहिली, कोणाला उठावंसं वाटेना. बाबूजी खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसले होते.

"मुकेश," ते म्हणाले, "इळ्याले धार लावून ठेव. उद्या जाऊ."

मी काही त्या खेळाला श्रेय देत नाही. हाड जुळायला आलं होतं, डॉक्टर सांगतच होते, आणि मायनं तर सगळं शेत पणाला लावलं होतं. माणूस कशानं उठतो हे बाहेरच्याला कळत नसतं. मी पाहिलं तेवढं सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलबंडी जुंपून आम्ही शेतावर गेलो. दव पडलेलं. बंडी शेताच्या कडेपर्यंतच जाते, तिथून मधल्या बांधीपर्यंत धुऱ्यावरून जावं लागतं. बाबूजी खाली उतरले, वॉकर धरून उभे राहिले, आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. वॉकरला चार पाय. धुरा वीतभर रुंद. आणि धुराही तोच, जिथून ते घसरले होते.

काकाजी म्हणाले, दादा, पाठीवर घेतो. मुकेश म्हणाला, खाट आणतो, उचलून नेऊ. बाबूजी त्या धुऱ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा छपरीतल्या भिंतीकडे वळतोय की काय अशी मला भीती वाटली. मायनं पदर खोचलेला होता, तो मूठ घेण्यासाठी मोकळा केला आणि हातात धरून उभी राहिली.

मग बाबूजींनी वॉकर उचलला, धुऱ्यापासून वळवला, आणि उभ्या धानात ठेवला.

काकाजींच्या तोंडून "दादा" एवढंच निघालं. बाबूजी एक पाऊल टाकून त्याच्यामागे आत शिरले. वॉकर उचलायचा, पुढे ठेवायचा, त्याच्या पायांत अडकलेली ताटं सोडवायची, मग पाय टाकायचा. प्रत्येक पावलाला पिकलेला धान करकर आवाज करत आडवा होत होता. जन्मभर ज्यानं एका ओंबीवर पाय पडू दिला नाही तो माणूस आपलंच शेत तुडवत चालला होता. दोनदा त्यांचा तोल गेला आणि दोनदा सावरला. आम्ही मदतीला त्यांच्याजवळ असायला हवं होतं, पण आम्ही कुठे होतो? आम्ही सगळे बाजूनं, धुऱ्यावरून, एकामागे एक चालत होतो. पाय धानात घालायचं आमच्याच्यानं होईना.

मधल्या बांधीत पोचल्यावर ते थांबले. घाम आला होता. मुकेशनं धुऱ्यावरून हात लांब करून विळा दिला. त्यांनी वॉकरला टेकून, वाकून, मूठभर धान धरला आणि कापला. मायनं पदर पुढे केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात पदराला होते.

मग बाबूजींनी मागे वळून पाहिलं. बंडीपासून त्यांच्या पायापर्यंत, पिवळ्या शेतात, आडव्या पडलेल्या धानाची एक वाकडीतिकडी वाट झाली होती. आम्हीही तिकडे बघायला लागलो. खरं सांगते, मी वाट बघत होते. एक ओंबी हलेल, मग बाजूची हलेल. मुकेशही बघत होता. पण धान पडला तसा पडून होता.

"आपला नाही उठत," बाबूजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. थोडं हसू होतं, आणि आवाज जुना होता, शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. कडेला कापणाऱ्या बाया येऊन उभ्या होत्या, त्यांना तो तिथे सहज ऐकू गेला.

"आडवा झाला तेवढा पयले कापा. दाने झडतीन."

बाया विळे घेऊन त्या वाटेत बसल्या, आणि आमची त्या वर्षीची कापणी तिथून सुरू झाली.